गाठ नव्हती

स्कूटरवरून उतरले की मी आधी बाथरूम गाठायची. आरे-वारेच्या बाजूने रत्नागिरीतल्या कचेरीत रोज जायचं-यायचं, आणि त्या वळणांच्या रस्त्यावर योनीच्या आतल्या पाकळ्या अशा घासायच्या की संध्याकाळी अंगावर सलवारही नकोशी व्हायची. एक पाकळी दुसरीपेक्षा बरीच मोठी होती. चाळिशीपर्यंत मी पावडर, मलम आणि सैल कपड्यांवर निभावून नेलं. शेवटी घासून झालेली जखम चिघळली तेव्हा शस्त्रक्रियेने पाकळ्या कमी करता येतील का, हे विचारायला डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्या रोखठोक होत्या. बायकांच्या पाकळ्या नाना आकारांच्या असतात, हा आजार नव्हे, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. फोनवर कसलेतरी फोटो बघून ‘मला तसं करून द्या’ म्हणत येणाऱ्यांना त्या बहुतेकदा समजावून परत पाठवतात. सूज येईल, व्रण राहू शकतो, क्वचित तिथली संवेदनाही कमी होते, हेही बोलल्या. मग विचारलं, दुखतं म्हणून करायचंय की दिसतं म्हणून? मी म्हणाले, दुखतं म्हणून. ते खरंच होतं. पण आरशात पाहून लाज वाटायची, हेही खरं होतं, आणि ते मी गिळलं. नवरा जहाजावर असतो. त्याने या गोष्टीवरून कधी शब्द काढला नव्हता. फोनवर म्हणाला, तुला त्रास होत असेल तर कर, माझ्यासाठी म्हणून नको.

राहिल्या सासूबाई. तिथली कातडी कमी करून घ्यायची आहे, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, आत छोटी गाठ आहे, काढावी लागेल. गाठ म्हटलं की पुढे कुणी खोदून विचारत नाही, एवढी अक्कल मला होती. त्यांची धाकटी बहीण गाठीनेच गेली, हे मात्र त्या क्षणी आठवलं नाही. खरं सांगायचं तर आठवलं होतं, पण तोवर बोलून झालं होतं.

त्यांनी गावदेवीपुढे गाऱ्हाणं घालायला लावलं. सुनेची गाठ साधी निघू दे, असं गुरव देवीला सांगत होता, जमलेली माणसं ‘व्हय महाराजा’ म्हणत होती आणि मीही हात जोडून उभी होते. वर, सून बरी होईपर्यंत मासळी खाणार नाही, असं त्या देवीला बोलून बसल्या. बांगडा नसला तर ज्यांना जेवण जात नाही, त्या सासूबाई.

शस्त्रक्रिया तेवढी जागा बधिर करून झाली आणि मी त्याच दिवशी घरी आले. बसायला उशी लागायची. माझ्या अंगात ताकद यावी म्हणून सासूबाई मला बांगडे तळून वाढायच्या आणि स्वतः आमटीभात कालवायच्या. तपासायला पाठवलेल्या गाठीचा रिपोर्ट कधी यायचा, असं त्या रोज विचारत. मी म्हणायची, येईल.

एका दुपारी त्या माझं ताट वाढून तशाच बसून राहिल्या. स्वतःचं वाढूनच घेतलं नाही. “रिपोर्ट वाईट आलाय आणि तू माझ्यापासून लपवत्येस ना गो? बहिणीच्या वेळीही मला असंच फसवलंनी,” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मग मी सगळं सांगितलं. पाकळ्या, स्कूटर, जखम, आरसासुद्धा. गाठ नव्हतीच, हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. नसते चोचले म्हणून त्या झोडपतील, अशी माझी तयारी होती. झोडपलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यांनी डोळे पुसले आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

“दुखतंय एवढं सांगितलं असतंस तरी मी तुझ्या उशाशी बसले असते,” त्या म्हणाल्या. “त्याला गाठ कशाला लागते गो?”