काकीचा गाल आणि कट्ट्यावरचा ग्लास

खोटं बोलून घरातल्या माणसाची वेदना थांबणार असेल, तर तुम्ही बोलाल? मी बोललो. तेही देवाच्या नावाने... आणि कौल, नवस, अंगात येणं या सगळ्यांविरुद्ध मालवणच्या बाजारात पत्रकं वाटणारा मी! असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता.

१९८३चा मे. आम्ही मालवणजवळच्या देवबागचे. काका मुंबईत गिरणी कामगार. संप फसलेला, त्यांचं पत्र नाही. काकीची झोप उडालेली. उजव्या गालात विजेसारखी कळ यायची – तोंड धुतलं, घास चावला, नुसता वारा लागला तरी. दोन दाढा काढून झाल्या, कळ तशीच.

"कट्ट्याफुडच्या देवळात माझ्या नावान गाऱ्हाणा घालून ये रे," काकी म्हणाली. म्हणजे कट्टा गावापुढच्या देवळात गुरवाने तिचं दुखणं देवापुढे मांडायचं, जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते माझ्या तत्त्वात बसेना. एस.टी.ने कट्ट्याला उतरलो आणि हॉटेलातच बसलो. दुपारी चहाचा ग्लास हातातून निसटून फुटला, मालकाने शिव्या घातल्या. येताना बाजारातली अबोली घेतली – प्रसाद म्हणून.

संध्याकाळी पोचलो तर काकी दोन्ही गालांनी जेवत होती! शेजारीण म्हणाली, "बारापासून निजलली. आत्ताच उठली."

मी अबोली पुढे केली. "देवान फूल दिल्यान."

काकी हसली. "देवळात गेलंस खंय? गलास फोडून गाळी खाय होतंस. सपनात बघलंय मी. लोकांका कागद वाटतंस, देवाच्या नावार फसवू नकात म्हणान... आणि काकीक काय रे?"

मान वर होईना. "आणि कळ?"

"नाय ती. झोप लागली बरी."

गाऱ्हाण्याच्या भरवशावर तिला झोप लागली असेल, हे मी मान्य करतो. पण खोटं कळल्यावरही कळ आठ दिवस फिरकली नाही! आणि ग्लासाचं तिला कळलं कसं? हॉटेलात ओळखीचं कुणी नव्हतं, आमच्या वाडीत फोन नव्हता.

पुढे कळ परतली, तेव्हा गोव्यातले डॉक्टर म्हणाले – दुखणं दाढेचं नव्हतंच, चेहऱ्याच्या नसेचं. जागरणाने, काळजीने ते उसळतं. त्यांच्या गोळ्या लागू पडल्या. नसेचं समजलं. ग्लासाचं अजून नाही.

तुमच्या घरात कुणाला अशी कळ येत असेल, तर दाढ उपटण्याआधी नसांच्या डॉक्टरकडे न्या. आणि आजच शेजारी बसून विचारा – झोप लागते का, कसली काळजी आहे? मी काकीला हे कधीच विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.