लाडीने पाय मागे घेतला

हिरामण म्हात्रे थळचा. रेवस बंदरावर मुंबईची लाँच लागली की उतारू घेऊन अलिबागला जायचं, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला भर पावसात त्याने टांग्याला झेंडूच्या माळा बांधल्या आणि लाडीच्या कपाळावर तिरंगी कागद चिकटवला होता. पावसाने कागद विरघळला, हिरवा रंग तिच्या नाकापर्यंत ओघळला, आणि बंदरावरचे सगळे त्या घोडीकडे बघून हसले. लाडी तेव्हा चार वर्षांची होती.

पुढे एसटी आली. आधी दिवसाला एक गाडी, मग तीन, मग उतारू टांग्याकडे बघेनासे झाले. हिरामणने टांगा मोडीत काढला. धाकटा घोडा बाण्या आणि लाडी, एवढी दोनच जनावरं उरली. बाण्याला भाडं मिळायचं. लाडीचं वय झालं होतं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. मुंबईला गोदीत लागलेला मुलगा मोरू सुट्टीला आला की म्हणायचा, "बाबा, तिला इकून टाका. उभी राहून खातेय."

"तू पन लहानपनी उबा राहूनच खायचास," हिरामण म्हणायचा आणि विषय तिथेच संपायचा.

पण तोही जाणून होता की या पावसाळ्यापर्यंत काही सोय झाली नाही, तर लाडी जाणार. आणि अशी घोडी कोण कशाला नेतो, हेही त्याला ठाऊक होतं.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत खंबाटा साहेबांचं पत्र आलं तेव्हा म्हणूनच त्याला हायसं वाटलं. साहेब मुंबईत एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. घोड्यावर बसायची त्यांना आवड. ते, त्यांची बायको आणि दलाल नावाचे मित्र शनिवार-रविवार किनाऱ्याने रेवदंड्यापर्यंत घोड्यावर जाणार, वाटेत तंबूत मुक्काम करणार आणि तिकडून एसटीने परतणार. सगळं मनासारखं झालं तर दर महिन्याला येऊ, असं पत्रात होतं. पोस्टमनने ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. हिरामणने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. बसायला बाण्या आणि अलिबागच्या घोडेवाल्या धर्माकडून आणलेली दोन तट्टं. लाडीवर फक्त सामान. म्हातारीला झेपेल असं काम. असे सहा महिने निघाले तर मोरूचं तोंड बंद होईल.

शनिवारी पहाटे तो निघाला तेव्हा त्याची बायको सगुणा दाराशी उभी होती.

"अवो, उद्या संकष्टी हाय. येताना दुर्वा आना."

"उद्या कशी? आज," हिरामणने बोटं मोजली. "मंगळवारी पुनव झाली. बुध, गुरू, शुक्र, शनवार. चार."

"यंदा बीज दोन दिस हाय. गुरवारी बी आनि काल बी. भटजींनी सांगितलंय."

"तुज्या भटजीला उपास लांबवायचाय. लाडू जास्ती मिलतील."

सगुणा हसली, आणि गुळखोबऱ्याचा खडा लाडीच्या तोंडाशी धरून म्हणाली, "तुजा मालक लय शाना झालाय बग."

खरं तर हिरामणला तिथीचा हिशेब उपासासाठी लागत नव्हता. लिहिता-वाचता येत नसलं तरी त्याला पाऊणकीचा पाढा तोंडपाठ होता, आणि त्यावर तो समुद्राची वेळ काढायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. तिथून सहा तासांवर ओहोटी. चौथ असेल तर तीनला भरती, नवाला ओहोटी. पंचमी असेल तर पावणेचार आणि पावणेदहा. अलिबागच्या किल्ल्यात ओहोटीला टांगा नेताना हा हिशेब कधी चुकला नव्हता. आणि चुकलाच असता तर लाडी होती. पाणी पायाला कसं लागतंय यावरून तिला कळायचं. भरतीचं पाणी असलं की ती आपसूक मागे फिरायची.

शनिवारचा दिवस मात्र खोळंब्यातच गेला. रेवसला लाँच उशिरा आली. चोंढीच्या पुढे दलालांच्या जीनचा पट्टा सरकला आणि ते गृहस्थ हळूहळू कलंडत तट्टाच्या पोटाखाली गेले.

"अरे दलाल, वरती बस नी! घोडा वरून चालवतात!" खंबाटा ओरडले.

"मी पट्टा तपासतोय," दलाल खालून म्हणाले.

हिरामणसुद्धा पोट धरून हसला. संध्याकाळी अलिबागच्या अलीकडे सुरूच्या बनात तंबू ठोकले, तर रेतीत खुंट्या धरेनात. एक तंबू दोनदा अंगावर आला. बाईसाहेबांनी आणलेले सगळे पाव बाण्याने कागदासकट खाल्ले. हिरामण चूल मांडत होता, खुंट्या ठोकत होता, पाणी आणत होता. समुद्र पन्नास पावलांवर होता. इतक्या वर्षांत एक दिवस असा नव्हता की त्याने संध्याकाळी पाण्याची रेघ पाहिली नाही. त्या दिवशी पाहिली नाही.

रविवारी सकाळी एका भटक्या कुत्र्याने बाईसाहेबांचा एक बूट पळवला. तो शोधण्यात तास गेला. निघता निघता दहा वाजले. अलिबागच्या दक्षिणेला एक लहान खाडी आहे, ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडता येते. वरच्या रस्त्याने गेलं तर तीन मैलांचा फेरा. काठावर पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. पंचमी, पावणेदहाची ओहोटी, पाणी आत्ता कुठे वळत असेल. हिरामणने खंबाटा साहेबांना हात केला, "चला साहेब, माज्या बोटाच्या रेषेत. डावीकडं जाऊ नका, तिथं गाळ हाय."

तिघं पार झाले. पाणी तट्टांच्या गुडघ्यांना लागलं, एवढंच.

लाडीने काठावर पुढचा पाय पाण्यात घातला आणि मागे घेतला.

"चल गो," हिरामण म्हणाला.

तिने पुन्हा पाय घातला, पुन्हा मागे घेतला आणि मान वळवून चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. हिरामण बराच वेळ लगाम ओढत राहिला. ती हलेना.

पलीकडून खंबाटांचा आवाज आला, "अरे हिरामण! तुझी घोडी बायकोसारखी रुसली काय?"

"हिरामण, मनव तिला, नायतर आपले सगळे तंबू तिच्या माहेरी राहतील!" दलाल म्हणाले, आणि तिघं हसले. बाईसाहेबांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण हिरामणच्या कानात पोस्टमनने वाचलेलं ते वाक्य होतं. म्हातारी घोडी पाण्याला घाबरते, असं साहेबांच्या मनात बसलं की पुढच्या महिन्याचं काही खरं नव्हतं.

टांग्याचा जुना चाबूक त्याच्या कमरेला खोचलेला असायचा, तो हवेत वाजवायला. पंधरा वर्षांत त्याने लाडीवर तो टेकवला नव्हता. त्याने चाबूक काढला आणि तिच्या मांडीवर मारला.

लाडी दचकली. मग खाली मान घालून पाण्यात शिरली.

मध्यावर पोचेपर्यंत पाणी तिच्या पोटाला लागलं. तेव्हा हिरामणला कळलं, हे पाणी आत्ता वळलेलं नाही, नवालाच वळलंय. पाठीवरचे भिजलेले तंबू दुप्पट जड झाले, ओढीने ती डावीकडे सरकली आणि मागचे दोन्ही पाय गाळात गेले. तिने एकदा जोर केला, दोनदा केला. हिरामणने कमरेच्या कोयत्याने दोर तोडले, तंबू वाहून गेले, तरी पाय निघेनात. खंबाटा कपड्यांसकट पाण्यात आले. त्यांनी खांदा तिच्या पोटाखाली लावला, दलालांनी लगाम धरला. तिघं मिळून ओढत होते आणि पाणी चढत होतं. शेवटी हिरामणने तिचं डोकं दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. पाणी त्याच्या छातीला आलं, मग गळ्याला. खंबाटांनी त्याला मागून कवेत धरून काठावर आणलं, नाहीतर तो हात सोडत नव्हता.

काठावर खंबाटा साहेब रडत होते. "मी बोलायला नको होता," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. हिरामणने त्यांना वरच्या रस्त्याने एसटीच्या थांब्यावर पोचवलं. काम घेतलं होतं ते पुरं केलं. बाण्याला आणि दोन तट्टांना घेऊन परत फिरला, तट्टं धर्माकडे बांधली आणि दिवेलागणीनंतर थळला आला.

सगुणा अंगणात बसली होती. देवापुढे मोदक झाकून ठेवले होते, चंद्र अजून यायचा होता. शेजारी वेगळ्या पानावर गुळखोबरं होतं. बाण्या एकटा आत शिरलेला तिने पाहिला, मग नवऱ्याच्या हातातला ओला लगाम पाहिला.

"संकष्टी आज हाय," हिरामण म्हणाला.

तिने ते पान उचललं आणि घरात नेलं. त्यानंतर कधीही "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. भांडणातसुद्धा नाही.

खंबाटांनी दोन पत्रं पाठवली. पोस्टमनने वाचायला घेतली तेव्हा हिरामणने ती त्याच्या हातातून घेऊन घडी करून ठेवली. बाण्या त्याने धर्माला दिला आणि सगुणाच्या माहेरी, पेणच्या बाजूच्या मिठागरावर कामाला राहिला. तिथे त्याच्याकडे बांधातली उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायची लाकडी झडप. पाण्याची वेळ त्याच्याएवढी कोणालाच कळत नव्हती, असं तिथले लोक सांगतात. पण झडपेकडे जाण्याआधी तो रोज सकाळी चुलीपाशी थांबायचा.

"आज काय?"

"सातम," सगुणा फुंकणी बाजूला ठेवून सांगायची.

तो बोटं मोजत नसे. "सातम," असं स्वतःशी म्हणून तो बाहेर पडायचा आणि आधी काठावर जाऊन, उकिडवा बसून, पाण्यात हात घालून बघायचा.