न छापलेला खुलासा

"छापून आलं ना? मग घडलं," असं म्हणत आमचे मालक ताज्या अंकाची घडी घालायचे आणि ती आपल्याच मांडीवर फटकन मारायचे.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लोणावळ्यात पर्यटकांचे फोटो काढत सुरुवात केली. मग साप्ताहिक, मग बंगलेवाल्यांसाठी गुळगुळीत कागदाचं मासिक, शेवटी वेबसाइट. सरपंच, नगरसेवक त्यांना वाकून नमस्कार करायचे. प्रेमानं नव्हे, पुढच्या अंकात आपला नंबर लागेल या धास्तीनं.

मी त्यांचा उपसंपादक. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस दिवसभर बाकावर बसून होता. तिला स्वतःच्या हातानं पेज भरवली. त्यानंतर मला त्यांना कधी नाही म्हणता आलं नाही.

आंदर मावळातली एक मुलगी प्रियकराबरोबर पळाली, अशी बातमी आम्ही तिच्या फोटोसकट छापली. मुलगी पुण्याला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. तिचं ठरलेलं लग्न चार दिवसांत मोडलं.

बाप आला. एसटी नव्हती म्हणून निम्मी वाट चालत. हातात कॉलेजचा दाखला.

"सायेब, पोरगी पळाली न्हाई. शिकायला गेलती. येवढी एक ओळ छापा, लय उपकार व्हतील."

मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला. "बसा आबा. तुमची लेक ती माझी लेक. मनातलं सगळं बोला."

म्हातारा बोलला, मी लिहून घेत गेलो. बोलता बोलता तो रडायला लागला. मालकांनी मोबाइल काढून फोटो घेतला.

"खुलाशासोबत टाकू," ते म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांचे पाय धरले.

तो जिना उतरून गेल्यावर मालक माझ्याकडे वळले. "खुलासा कोण वाचतं रे? रडणारा बाप वाचतात. दाखल्याचं काढून टाक." मथळा त्यांनीच सांगितला: 'लेकीच्या प्रतापानं बाप कोसळला'.

मी दाखल्याचं काढलं. बोटं माझीच होती.

अंक हातोहात संपला. मालकांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले, मीही खाल्ला. म्हातारा पुन्हा आला नाही. त्यानं गावात विहारातल्या वंदनेलाही जाणं सोडलं, असं नंतर कानावर आलं.

गेल्या वर्षी मालक जेवता जेवता गेले. साप्ताहिक बंद पडलं. मी आंबीतल्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो. पहिल्याच महिन्यात पत्र्यानं हात कापला, म्हणून तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीत गेलो. नर्सनं रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"तुम्ही त्या पेपरात होता ना?"

मग मी तिला ओळखलं.

"ही माझी तिसरी नोकरी," ती जखम पुसत म्हणाली. "प्रत्येक ठिकाणी कुणीतरी माझं नाव मोबाइलवर शोधतं. दोन्ही बातम्या निघतात. आबांच्या रडण्याचा फोटोसुद्धा. तेवढं काढून टाका."

"वेबसाइटचा पासवर्ड फक्त मालकांना ठाऊक होता," मी म्हणालो. "ते वारले."

तिनं पट्टी गुंडाळली, गाठ मारली.

"दुखतंय?"

"नाही."

"दुखेल," ती म्हणाली आणि दारातल्या पुढच्या माणसाला तिनं आत बोलावलं.