काडी आधी की फुली

काकांच्या घरात तारखेशिवाय एकही वस्तू नव्हती. लोणच्याची बरणी, खोकल्याचं औषध, नवी केरसुणी, सगळ्यावर खडूने काड्या आणि फुल्या. जन्म बोटीवर काढलेला माणूस. म्हणायचे, "तिथे दहा देशांची माणसं. कोण दिवस आधी लिहितो, कोण महिना. महिना रोमन आकड्यात टाकला की भांडण मिटलं." रिटायर होऊन वेळणेश्वरला आले, तर दिवस, महिना, साल, सगळंच रोमन. इथे भांडायला फक्त काकू. त्या म्हणायच्या, "तारीख राहू दे, बरणीत आंबा की लिंबू ते लिवा!"

मी गवंडी. शाळेत गेलो तो शाळेची भिंत बांधायला. काकांनी मलाही शिकवायला घेतलं. "बाळ्या, फुली म्हणजे दहा, काडी म्हणजे एक. काडी फुलीच्या आधी तर नऊ, नंतर तर अकरा. याला डोकं लागत नाही."

"म्हणूनच मला शिकवताय," मी म्हटलं. आणि विसरलो.

वीस सालच्या सप्टेंबरात काकू गेल्या. काकांनी चिऱ्यावर स्वतःच्या हाताने तारीख कोरली, XX IX XX. वीस तारीख, नववा महिना, वीस साल. नाव नाही. "नाव कशाला? मला माहीत आहे ना." सुरंगीच्या झाडाखाली कट्टा बांधून त्यात तो चिरा बसवायचं काम मला दिलं आणि डोळ्याच्या ऑपरेशनला मुलाकडे मुंबईला गेले.

मी बसवला. पहार लावली तरी हलणार नाही असा. एवढं पक्कं काम मी जन्मात दुसरं केलं नाही, आणि तेच उलटं. वरचं खाली. फुल्या कशाही फिरवा, फुल्याच. फक्त मधली काडी पलीकडे गेली. XX XI XX. सप्टेंबरचा नोव्हेंबर.

काकांनी येऊन बघितलं आणि मोठ्याने वाचलं, तेव्हा मला कळलं. मी आपला पायाची नखं मोजत उभा. तर हसले. "मेल्या, माझ्या बायकोला दोन महिने जास्त जगवलंस. डॉक्टरला नाही जमलं. राहू दे तसंच."

राहू दिलं, तिथेच चुकलं. पुढे काकांना विसर पडायला लागला. माणसं गेली, आकडे तेवढे राहिले. एक दिवस कट्ट्यावरून हाक मारलीन.

"बाळ्या, नोव्हेंबरात गेली ना ती? म्हणजे दिवाळीला होती. मग फराळ केलेला मला कसा आठवत नाही? दोन महिने ती होती कुठे?"

"काका, चिरा मी उलटा बसवलाय हो."

"तुला वाचता येतं?"

"नाय."

"मग गप बस."

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. काका चिऱ्यासमोर पाय पसरून बसलेले, उठेचनात. पुढे रोज तोच प्रश्न. जेवण सुटलं. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू माहेरी होत्या, चिपळूणला."

काका शांत झाले. दोन घास जेवलेसुद्धा. मला वाटलं, चला, आपलं एक तरी काम सरळ बसलं.

गेल्या मे महिन्यात मुलगा त्यांना कायमचं न्यायला आला. काका इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर. मी पाया पडलो तर हात धरलान.

"गाडी चिपळूणवरनंच जाते ना रे? मग मागे जागा ठेव. तिला घेऊनच पुढे जाऊ. केव्हाची वाट बघत बसली असेल."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मागच्या सीटवरच्या बॅगा मी एकेक करून उतरवल्या आणि डिकीत कोंबल्या.