फितूर म्हणाले मला

"फितूर झाला काय बे तू?"

पोळ्याच्या तोरणाखाली, साऱ्या गावासमोर भाऊसाहेब माझ्यावर ओरडले. माझ्या बैलांचा कासरा त्यांच्या हातात होता. मीही तो धरला होता. सोडत नव्हतो.

भाऊसाहेबांचा आजा मालगुजार, गावाचा शेतसारा वसूल करणारा. मालगुजारी गेली, पण तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान घरात राहिला. आता त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, बैल नाहीत. म्हणून दर पोळ्याला माझी जोडी नेत. भाऊसाहेब नागपूरहून गाडीने येत, कासरा धरून फोटो काढत. मी मागे, गड्यासारखा. जोडी आधी त्यांच्या दारी पुजली जाई. बायको आमच्या दारात आरतीचं ताट घेऊन ताटकळत उभी.

"आपल्या बैलाईले आपण शेवटी काऊन पुजाचं?" ती विचारायची.

"अवं, मान तं आपल्याच जोडीले भेटते ना!"

मी खोटं बोलायचो. मला भीती होती. आमच्या वांग्याच्या वाडीची वाट त्यांच्या शेतातून जाते.

यंदा डावा बैल वाजंत्रीला बुजला, अडला. भाऊसाहेबांनी त्याला बुटाची लाथ घातली. पोळ्याच्या दिवशी! त्या दिवशी आम्ही बैलावर हातसुद्धा उगारत नाही. मी पुढे झालो.

"जोडी माही हाय, भाऊसाहेब. सोडा."

तेव्हा तो शब्द आला. झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणणारे माझ्याकडे वळले. मागून कुणीतरी हसलं, "उद्यापासून वांगे डोक्यावर नेजो मंग!"

मी जोडी घेऊन घरी आलो. पोरगी वर्ध्याला कॉलेजात मराठी शिकते, पोळ्याला घरी आली होती. तिला म्हटलं, फितूर म्हणजे नेमकं काय?

"बाबा, शब्द अरबीतला हाय. तिकडे त्याचा अर्थ ढिलेपणा, कमजोरी. हिंदीत डोक्यातलं खूळ. आपल्याकडे राजाचं मीठ खाऊन शत्रूले सामील झाला तो."

"मीठ?" बायको भडकली. "त्याईच्या घरचं काय खाल्लं आपण? आपलेच वांगे त्याईनं फुकट खाल्ले!"

कमजोरी हा शब्द आत रुतला. ती होतीच माझ्यात, इतकी वर्षं, मान खाली घालून कासरा देताना. तेव्हा मला कुणी फितूर म्हटलं नाही. शहाणा म्हणत. हा शब्द नेहमी वरूनच येतो. दुसऱ्याची वाट अडवणाऱ्याला गावात कुणी फितूर म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. आम्ही दोघं नाल्यातून, गुडघाभर पाण्यातून टोपली वाहतो. बायकोची पाठ धरली आहे. ते माझ्यामुळे आहे, हे मला ठाऊक आहे.

काल भाऊसाहेबांचा माणूस आला. "ओसरीवर येऊन पाय धरजो. वाट खुली होईल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी आधी तिला विचारलं, "काय करू?"

"जाऊ नका," ती म्हणाली.

मी जाणार नाही. वाट मी तहसीलात मागीन, भांडून मागीन. त्यांच्या ओसरीवर आता माझं काही काम नाही.