बकुळाबाईंनी जवळा सोडला

काळाचौकीच्या चाळीत बकुळाबाईंची खानावळ होती. जेवणारे वीस जण, सगळे गिरणीतले, बहुतेक मालवणकडचे. वांगं असो की दोडका, त्यात मूठभर जवळा पडायचाच. त्या चिमुकल्या सुक्या कोळंबीवाचून मालवणी माणसाला जेवल्यासारखं वाटतच नाही.

सत्तावन्न साली जयवंत जेवायला येऊ लागला. आदल्याच वर्षी घरच्यांबरोबर बौद्ध झालेला, अबोल तरुण. पहिल्याच दिवशी त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. डॉक्टरांच्या सुईने कसाबसा वाचला.

"आधी बोललंस कित्याक नाय?" बाई कडाडल्या.

"पंगतीत बसवलंत, मावशी. ताटातलं नको कसं म्हणू? आईलाही होतं असं. मामा त्यातच गेले."

बाईंना एकदम आठवलं. त्यांचा धाकटा भाऊ असाच कोळंबी खाऊन गेला होता. गावाने करणी म्हणून नारळ फोडले. वडिलांनाही कुर्ली, म्हणजे खेकडा, सोसत नसे, हे मात्र कुणीच ध्यानात घेतलं नाही. "करणी नाय रे ती," त्या पुटपुटल्या, "रक्तातसून येता ह्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जयवंतसाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी काढली. पोराचा जीव वाचावा, एवढंच मनात. जयवंतने ते पाहिलं आणि तो ताटावरून उठला.

"वेगळं भांडं माझ्या बापाने जन्मभर पाहिलं, मावशी. मी नाही जेवणार."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या आत गेल्या, जवळ्याचा डबा शेजारणीला देऊन आल्या आणि सगळी भांडी राखेने घासायला बसल्या.

"आजपासून एकच पातेला. सगळ्यांका!"

"एकासाठी वीस जणांनी तोंड बांधायचं?" जेवणाऱ्यांतला गणपत उसळला. कालच संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात ओरडून त्याचा घसा बसला होता.

"मोर्च्यात एक होतास, मगे ताटार एक होऊक काय होता?"

जयवंत पुन्हा पंगतीत बसला; सात जण दुसरीकडे जेवायला गेले. चूल पेटती ठेवायला बाईंनी दुपारी पापड लाटले, पण जवळा पुन्हा घरात आणला नाही. याला म्हणतात छाती!

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात जयवंत बायकोला आणि सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन आला.

"हिच्याही रक्तात ते असेल, मावशी. कळायला मार्ग नाही. म्हणून पहिला घास जवळा नसलेल्या या घरात, तुमच्याच हातचा द्यायचा, असं आम्ही ठरवलंय."

बाईंनी मऊ भात बोटाने पोरीच्या ओठांना लावला आणि श्वास रोखून बघत राहिल्या. पोरीने तो गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.