साडेनऊ हजारांचा चाकू

साडेनऊ हजार. एका मिटणाऱ्या चाकूला. बायकोने आकडा ऐकला आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. "त्याने कलमं बांधतात की सोनं कापतात?" एवढंच विचारून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचंही चुकलं नव्हतं. मी खेडला नोकरी करतो, पगार बेताचा, आणि स्वतःला चप्पल घ्यायची तरी तीन दुकानं हिंडतो. पण हा चाकू माझ्यासाठी नव्हताच, बाबांसाठी होता.

बाबा गावी, पावसला, आंब्याची कलमं बांधतात. रायवळ आंब्याचं कोवळं रोप छाटून त्याला चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. ऐकायला सोपं, पण भल्याभल्यांची कलमं आठ दिवसांत काळी पडतात. बाबांची जगतात. आमच्याकडे त्याला हातगुण म्हणतात आणि तो विकत मिळत नाही. लांबलांबचे बागायतदार बाबांकडे येतात ते त्या हातासाठी. आणि गेल्या तीन वर्षांत तर सत्तरीच्या माणसाचा हात आणखीच गोड झाला, असं सगळे म्हणत होते. मीही ऑफिसात हेच सांगत फिरायचो.

अशा हातात बाजारातला दोनशे रुपयांचा चाकू बघून मला दर वेळी वाईट वाटायचं. म्हणून तीन आठवडे मी मोबाईलवर परदेशी चाकूंचा अभ्यास केला. पोलाद कुठलं, मूठ कुठल्या लाकडाची, पातं मुठीत हलतं की नाही. कलमाच्या चाकूची एक खोड असते: पातं एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरतं. सपाट बाजू काडीला टेकून राहते, म्हणून काप सरळ येतो आणि दोन लाकडांमध्ये फट राहत नाही. माझ्या हाताने आजवर एकही कलम जगलेलं नाही, पण तीन आठवड्यांत मी असा पंडित झालो होतो की बाबांनाच शिकवायला निघालो.

घरी पोचल्यावर मी चाकू पडवीच्या जांभ्या चिऱ्यावर ठेवला. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं, म्हणून आमच्याकडे ती खाली ठेवायची आणि घेणाऱ्याने उचलायची. बाबांनी उचलला, मांडीवर टेकवून उघडला. कट् असा आवाज आला. अंगठा आडवा फिरवून त्यांनी धार पाहिली.

"बरा हाय," म्हणाले आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला फडताळात दिसला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. बाबा आणि आई रोपांवरच्या मांडवात होते आणि रोपांच्या पिशव्यांपाशी तोच जुना चाकू पडला होता. माझं डोकं सणकलं.

"नवा कुठाय?"

"हातात बसत नाय तो," आई म्हणाली.

"साडेनऊ हजाराचा चाकू हातात बसत नाही?"

किंमत ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी तणतणत नवा घेऊन आलो आणि तिथेच परीक्षा मांडली. एक काडी नव्या चाकूने तासली. काप असा आला की बोट फिरवलं तर ओलसर काच वाटावी. मग जुना घेतला. तो काडीत घुसला आणि वाकडा निघाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन्ही चाकू शेजारी धरून पाहिले तेव्हा कारण सापडलं. जुन्याची धार उलट्या बाजूला लावलेली होती. जी बाजू सपाट हवी तीच घासून उतरती केली होती, आणि तीही एकदोनदा नव्हे, वर्षानुवर्षं घासल्यासारखी.

"बाबा," मी म्हणालो, "चाळीस वर्षं चाकू धरलात आणि धार कुठल्या बाजूला लावायची ते कळलं नाही?"

आई उठून चहा टाकायला गेली. आपण बरोबर ठरलो या आनंदात मी नव्या चाकूचं पातं उगाचच दोनदा उघडून मिटलं. इतका शहाणा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात दरवर्षी कलमं नेणारे एक मोठे बागायतदार आले. यंदा त्यांना दोनशे हवी होती, म्हणजे आईबाबांचा जवळजवळ वर्षभराचा किराणा. मी त्यांना चाकू दाखवला, किंमत सांगितली, त्यांनी "अरे बापरे" म्हटलं आणि मला चेव चढला.

"बाबा, काकांसमोर एक बांधूनच दाखवा."

"आता नको," बाबा म्हणाले. "हात मातीचे हायत."

"धुवा की!"

"करा हो, बघू तरी साडेनऊ हजाराची करामत," बागायतदारही म्हणाले.

मी एक रोप बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. त्यांनी उजव्या हातात चाकू घेतला आणि तो हात थरथरायला लागला. म्हातारपणाची बारीक थरथर नव्हती ती. पातं अक्षरशः नाचत होतं. डाव्या हाताने त्यांनी मनगट दाबून धरलं. काडी धरायला तो हात सोडला, तसं पातं काडीवरून सटकलं आणि डाव्या अंगठ्याच्या बुडात शिरलं. परदेशी पोलाद ते, हाडापर्यंत गेलं असावं. रक्त रोपाच्या पिशवीवर सांडलं.

आई धावत आली, पदराने अंगठा आवळून धरला.

"किती दिवस झाले हे?" मी विचारलं.

"तीन वर्षं व्हतील," आई म्हणाली. "तुला कशाला सांगायचं? तिकडं तुझा जीव टांगणीला."

मी दर महिन्याला घरी येत होतो. बाबा चहा अर्धाच कप मागतात, मी समोर असलो की हात मांडीखाली घेतात, हे मी बघत होतो. बघत होतो आणि दिसत नव्हतं.

बागायतदारांना वेगळाच धक्का बसला होता. "तीन वर्षं?" ते म्हणाले. "मग माझ्या वरच्या बागेतली कलमं बांधली कोणी?"

आईने बाबांचा हात त्यांच्याच दुसऱ्या हातात दिला, खाली बसली, जुना चाकू उचलला. डाव्या हातात. दोन कापांत पाचर तयार. रोपाला चीर, काडी आत, पट्टीचे वेढे, गाठ. मला नीट श्वासही घेता आला नव्हता तेवढ्यात कलम बांधून झालं होतं. आई डावखुरी आहे हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी डावखुऱ्याला लागणारी ती उलटी धार हातात धरून मी बाबांनाच अडाणी ठरवलं होतं.

बागायतदार मटकन चिऱ्यावर बसले. "डाव्या हाताची?" ते पुटपुटले.

त्यांचा धक्का मला समजत होता. आमच्याकडे झाड लावायचं ते उजव्या हाताने. डाव्या हाताचं झाड धरत नाही, धरलं तर लाभत नाही, असं मानणारे अजून घरोघरी आहेत. म्हणून तर हे दोघं लपवत होते. गिऱ्हाईक आलं की बाबा पुढे बसायचे, पट्टी चाचपायचे आणि आई चहाला उठायची.

"वरच्या बागेतली सगळी जगली ना?" आईने विचारलं. आवाज चढवला नाही तिने.

"जगली," बागायतदार म्हणाले. "जगली खरी." मग उठले, चपला घातल्या. "घरात विचारून सांगतो."

हे उत्तर म्हणजे नकारच, ज्याला कळतं त्याला कळतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तीन वर्षं दोघांनी जिवापाड जपलेलं मी पाच मिनिटांत उघड्यावर आणलं, तेही फुशारकी मारायला. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. बाबांना दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले.

संध्याकाळी आम्ही तिघं पडवीत बसलो होतो. बागायतदारांचा फोन आला नव्हता. आईने नवा चाकू धुऊन पुसला होता. ती तो उलटसुलट करून बघत होती.

"पैसे फुकट गेले," मी म्हणालो. "परत करतो."

"वस्तू चांगली हाय," ती म्हणाली. "पैसे घेतात ते उगाच नाय घेत. पण हा तुमच्या उजव्या हाताचा." मग तिने विचारलं, "ह्यात डाव्या हाताचा मिळतो काय रे?"

मी चपापलो. या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मोबाईलवर शोधलं. मिळत होता, अकरा हजारांना. किंमत सांगताना माझीच जीभ अडखळली.

"मागव," आई म्हणाली.

मी पत्ता भरायला घेतला आणि सवयीने बाबांचं नाव टाकलं. बाबा बांधलेला हात छातीशी धरून स्क्रीनकडे बघत होते.

"माझं नको," ते म्हणाले. "तिचं घाल. तो कुरियरवाला नाक्यावर मोठ्याने विचारत येतो. विचारू दे त्याला, कलमं बांधणारी कुठं राहते म्हणून."